मेलेलं म्हणून लिहिलेलं झुडूप

माझ्या हातचे दोन कागद अजून कोणाच्या तरी पेटीत असतील. दोन्हींवर त्याच तीन पंचांच्या सह्या आहेत आणि दोन्ही एकाच झुडपाविषयी आहेत. पहिल्यात ते झुडूप मेलेलं आहे, दुसऱ्यात फुललेलं. मध्ये जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत बरीच वर्षं काढली. चुकीची दुरुस्ती छापायची वेळ आली की मला हे दोन कागद आठवत, आणि नेमकी चूक कुठल्या जागी झाली हे दर वेळी नव्याने शोधावं लागे.

एकोणीसशे तिसाच्या पुढची दोन-तीन वर्षं मी रत्नागिरीत एका साप्ताहिकात होतो. संपादक, मी, खिळे जुळवणारे दोन जुळारी आणि छापण्याचं एक यंत्र, एवढाच संसार. संपादकांची शिस्त कडक होती. बघितलं ते लिहायचं. ऐकलं तर कोणाकडून ऐकलं ते लिहायचं. वाटलं ते लिहायचं नाही. एकदा मिरकरवाड्यातल्या मासळीच्या लिलावाची बातमी देताना मी 'प्रचंड आवक' असं लिहिलं. त्यांनी किती होड्या लागल्या होत्या ते विचारलं. मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी मला तसाच परत पाठवलं. तोवर होड्या निघून गेल्या होत्या आणि बातमी राहिली. त्यानंतर मी मोजल्याशिवाय काही लिहीत नसे आणि त्याचा मला अभिमान होता.

माझी आत्या भाट्याच्या खाडीपलीकडे, पावसच्या वाटेवरच्या एका वाडीत राहत असे. त्या वेळी खाडी तरीने ओलांडावी लागे. आत्याला मूलबाळ नव्हतं, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर, पाच-सहा माड, थोड्या पोफळी, आणि परसातली विहीर यांवर तिचं चाललं होतं.

परसाची रचना आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वेला आत्याचं घर, पश्चिमेला तिच्या धाकट्या जावेचं. मला ती काकू. परस दोघींचं मिळून एक, मध्ये विहीर. विहिरीच्या पूर्वेला, म्हणजे आत्याच्या अंगाला, कपडे धुवायची धोंड आणि तिच्याजवळ पिवळी कण्हेर. विहिरीच्या पश्चिमेला जांभ्याच्या एका उंचवट्यावर दुसरं एक झुडूप, माणसापेक्षा थोडं उंच. आत्या त्याला गणेर म्हणायची. तिचे सासरे लाकडाच्या वखारीत कामाला असताना घाटाच्या पायथ्याहून ते घेऊन आले, असं ती सांगे. कण्हेर ते गणेर हे अंतर बारा पावलं. तेवढ्यातच विहीर होती.

दोन भावांची वाटणी झाली तेव्हाच्या कागदात मेर, म्हणजे हद्द, सांगितली होती ती अशी: 'परसातील पिवळ्या फुलांच्या झुडपापासून खाली ओहोळापर्यंत सरळ.' विहिरीविषयी वेगळं काही लिहिलेलं नव्हतं. ज्याच्या अंगाला पडेल त्याची. भाऊ होते तोवर कोणी विचारलं नाही. दोन्ही घरं एकाच रहाटावर पाणी काढीत.

काकूचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणत असे, मुंबईत गिरणीत होता. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईतच असत. दादा गणपतीला येई आणि मे महिन्यात येई. शिमग्याला त्याला रजा मिळत नसे. त्या वर्षी छातीचं दुखणं घेऊन तो कायमचा परत आला, आणि आल्यावर त्याने वाटणीचा कागद काढून वाचला. त्याला खालच्या बाजूला भाजीपाला करायचा होता. उन्हाळ्यात एका विहिरीवर दोन बागा निघणार नाहीत हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मेर कण्हेरीपासून धरावी, म्हणजे विहीर आपल्या अंगाला येते, असं त्याने सांगितलं. आत्या म्हणाली, मेर गणेरीपासून.

विहीर गेली तर आत्याला पाण्यासाठी खाली ओहोळावर जावं लागणार होतं, आणि ओहोळ फाल्गुनात आटतो. मग गावविहीर, तीही चढणीची. तिचं वय साठीच्या पुढे. विहीर गेली म्हणजे घर गेलं हे सगळ्यांना कळत होतं. तिने मला सरळ सांगितलं:

"विहीर गेली तर मी तुमच्याकडे येऊन पडेन. तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे तिला रडायला वेळ मिळेल."

कोर्टात जायचं नाही, गावचे पंच बसवायचे, असं दोघांनीही मान्य केलं. लिहायला मी. ही सूचना दादाची होती. तो म्हणाला, पेपरवाला आहे, त्याला एका बाजूचं लिहायची सवय नाही. आत्याही हो म्हणाली. मी तिचा भाचा असून दादाने मला मानलं, याचं मला बरं वाटलं. त्यामुळेच मी त्या दिवशी जरा जास्तच ताठ होतो.

पंच पौषात बसले. तिघेही वडीलधारे, उभा जन्म मुंबईत नोकरी करून नुकतेच पेन्शनीवर आलेले. तिथली एक रीत सांगायला हवी. पंच जागेवर उभे असेपर्यंत मेरेच्या खुणेला कोणी हात लावायचा नाही. दगड असो, झाड असो, हात लागला की खूण हलवली असा संशय येतो. म्हणून आम्ही दोन्ही झुडपांपासून हातभर लांब उभे राहून बघितलं.

कण्हेर हिरवीगार होती, फुलांनी भरलेली. गणेरीवर एकही पान नव्हतं. राखी रंगाच्या दहा-पंधरा काठ्या आभाळाकडे वर गेलेल्या, टोकाला काही गाठी. मुख्य पंच म्हणाले, गणपतीत मी इथून गेलो तेव्हा हे हिरवं होतं. दादाही तेच म्हणाला. मीही गणपतीत ते हिरवं पाहिलं होतं, पंजासारखी पाच बोटांची पानं. तेव्हा हिरवं, आता वाळलेलं, म्हणजे मेलं. आम्हा पाच जणांचं एकमत झालं.

बायका पंचांपुढे येत नसत. आत्या मागच्या दाराच्या आड उभी होती. तिथून ती म्हणाली:

"ते मेलेलं नाय. त्याचं असंच असतं. माघात बघा."

माघात यावर फुलं कोणी पाहिली आहेत का, असं मी पंचांना विचारलं. कोणी पाहिली नव्हती. दादाने पाहिली नव्हती. मीही नव्हती, आत्याकडे मी येई तो गणपतीला आणि आंब्याच्या दिवसांत. मे महिन्यात त्या झुडपावर अंड्याएवढी बोंडं लोंबतात आणि त्यांतून रेशमासारखा कापूस निघतो हे मात्र मी लहानपणापासून पाहत होतो. बोंडं येतात म्हणजे त्याआधी फुलं येत असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आत्याचं म्हणणं मी लिहिलं नाही. ते लिहिलं तर भाच्याने आत्याची बाजू घातली असं दिसेल, असं मला वाटलं. मी लिहिलं: 'धोंडीजवळ कण्हेर आहे, ती फुलांवर आहे. उंचवट्यावर एक निष्पर्ण झुडूप आहे, ते मेलेले आहे.' वाचून दाखवलं. सह्या झाल्या. पंचांनी ठरवलं की तूर्त मेर कण्हेरीपासून धरावी आणि शिमगा झाल्यावर पुन्हा बसून पक्कं करावं.

दुसऱ्याच आठवड्यात दादाने कण्हेरीपासून ओहोळापर्यंत वई घातली. कुंपणाला काठ्या लागतात. उंचवट्यावरचं झुडूप मेलेलं असल्याचं लेखी होतं, म्हणून त्याने कोयता घेतला आणि ते गुडघ्याएवढं ठेवून तोडलं. एक बाजूची फांदी आडवी होती, कामाची नव्हती, ती तशीच राहिली. बाकीच्या काठ्या वईला रोवल्या. आत्या दुसऱ्या दिवसापासून ओहोळावर जाऊ लागली.

हे मला नंतर कळलं. माघ सरता सरता कचेरीच्या पत्त्यावर तिचं कार्ड आलं. एकच ओळ होती: तुझं मेलेलं झाड बघायला ये.

रविवारी मी भाट्याची तर गाठली. आत्याने मला थेट परसात नेलं. वई फुलली होती. एकही पान नसलेल्या काठ्यांच्या टोकाला पिवळी फुलं उमलली होती, वाटीएवढी, हळदीपेक्षा उजळ, मध्ये केसरांचा झुबका. सगळ्या काठ्यांवर नव्हती. मी मोजली: रोवलेल्या चौदा काठ्यांपैकी नवांवर फुलं होती. पलीकडे उंचवट्यावर राहिलेल्या आडव्या फांदीवर तीन.

दादा वईच्या पलीकडे उभा होता. त्याचा चेहरा माझ्याइतकाच गोंधळलेला होता. तो लबाड माणूस नव्हता. सुकं लाकूड रोवलं होतं, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याला थोडं सुचलं.

"काय पेपरवाले, कागदात पिवळ्या फुलांचं झुडूप आहे ना? मग हे बघा, माझ्या वईवर आहे."

आत्या म्हणाली, "चोरलेलं मंगळसूत्र घालून कोणी लग्नाची होत नाय."

तो हसला. मलाही हसू आलं, पण माझी स्थिती अवघड होती. झुडूप मेलेलं नव्हतं, माझा कागद चुकला होता, इतकं स्पष्ट होतं. पण त्याने सिद्ध काय होत होतं? परसात पिवळ्या फुलांची झुडपं दोन होती एवढंच. वाटणीच्या वेळी त्यांतलं कुठलं होतं, की दोन्ही होती, हे फुलांवरून कळत नव्हतं. आत्या म्हणे, गणेर सासऱ्यांनी लावली आणि कण्हेर मागाहूनची. पण ती स्वतःच एक पक्ष होती. वाटणीच्या कागदावर सह्या करणारे सगळे वारले होते. मी आधीपेक्षा जास्त माहिती घेऊन आधीपेक्षा जास्त अडलो होतो.

उन्हात चालून आलो होतो, तहान लागली होती. विहीर आता दादाच्या अंगाला होती, म्हणून वळसा घालून तिकडे गेलो. काकू पाणी काढत होती. वई पडल्यापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. तिने तांब्या भरून दिला. पिता पिता मी, खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून, कण्हेर फार जुनी आहे का असं विचारलं. पौषात हा प्रश्न मी तीन पंचांना आणि दादाला विचारला होता. त्यांना ठाऊक नव्हतं. ते गणपतीला आणि मे महिन्यात येणारे लोक. कण्हेर तेव्हा असते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

काकूने सहज सांगितलं. दादा पहिल्यांदा मुंबईला गेला त्या वर्षी तिने देवळाजवळून फांदी आणून धोंडीपाशी खोचली. गणेरीला फुलं दीड महिनाच, आणि देवाला तर रोज लागतात. सांडपाण्यावर जगली. वाटणी त्याच्या तीन वर्षं आधीची. दादा मुंबईला गेला ते साल घरात सगळ्यांना पाठ होतं.

मी तांब्या खाली ठेवला. आपण काय सांगितलं ते माझ्या तोंडाकडे बघून तिच्या लक्षात आलं असावं.

"हे माझ्या नावावर घालू नको," ती म्हणाली. "मुलगा आहे माझा. छातीचं दुखणं घेऊन आलाय."

मी शब्द दिला. शेवटची तर चुकेल म्हणून घाईने निघालो आणि खाडी ओलांडताना लक्षात आलं की दिलेला शब्द आणि लिहायचा कागद एकत्र बसत नाहीत. संपादकांना विचारावंसं वाटलं, पण हे घरचं होतं. विचारलं नाही. लिहिलं नाही तर आत्याची विहीर जाते. नाव घातलं तर काकूचं तिच्या घरात काय होईल, सांगता येत नव्हतं. ऐकलेलं लिहायचं तर कोणाकडून ऐकलं ते लिहायचं, हा नियम मीच दुसऱ्यांना ऐकवीत असे.

शिमगा झाल्यावर पंच पुन्हा बसले. बरीच फुलं गळून गेली होती, पण वरच्या टोकांना अजून होती. तिन्ही पंच वईजवळ हातभर लांब उभे राहून बराच वेळ बघत राहिले. पन्नास वर्षांत मी हे पाहिलं नाही, असं एक जण म्हणाले. मग हिशेब करून म्हणाले, माघात मी इथे असायचोच कुठे.

मी पहिला कागद फाडून टाकायची परवानगी मागितली. मुख्य पंचांनी ती दिली नाही.

"तेव्हा बघून लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"आणि आता?"

"आताही बघूनच लिहितोय."

"मग चूक कुठली?"

ते म्हणाले, दोन्ही राहू देत. मी दुसरा कागद लिहिला. झुडूप जिवंत असून फुलांवर आहे, त्याच्याच काठ्या वईला आहेत, हे दादाने कबूल केलं, तेही लिहिलं. शेवटी मी एक वाक्य घातलं. ते कचेरीतून आणलेलं होतं. ज्याचं नाव छापता येत नाही त्याच्यासाठी आम्ही ते वापरत असू: 'धोंडीजवळील कण्हेर वाटणीनंतर लावलेली आहे, असे माहीतगार व्यक्तीकडून समजते.'

मोठ्याने वाचलं. दादाने लगेच विचारलं, कोण माहीतगार. मी टाक पुसू लागलो. मुख्य पंच माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "पेपरात चालत असेल. इथे नाव लागतं." नाव नाही तर वाक्य काढ, असं त्यांनी सांगितलं. मी टाक शाईत बुडवला. वाक्य खोडायचं की नाव लिहायचं, हे माझं तोवर ठरलेलं नव्हतं. खरंच नव्हतं.

तेवढ्यात पश्चिमेच्या मागच्या दारातून आवाज आला.

"मी सांगितलं. कण्हेर मी लावली."

काकू दाराच्या आड नव्हती, उंबऱ्यावर उभी होती. दादा तिच्याकडे वळला. तो रागावलेला दिसला नाही, नुसता गोंधळलेला.

"आई, मग पौषात का नाय बोललीस?"

"पौषात मला कोणी विचारलं?"

पंचांनी माझ्याकडून वाक्य बदलून घेतलं, 'माहीतगार व्यक्ती' च्या जागी काकूचं नाव आलं. मेर गणेरीपासून धरली. विहीर आत्याच्या अंगाला गेली. दादाला पाणी द्यायचं की नाही ते आत्याने ठरवावं, असं पंच म्हणाले. आत्या दाराआडून म्हणाली, वईत एक बेडं ठेवा, आडव्या दोन बांबूंचं, उघडायला सोपं. त्यातून कोण येईल जाईल ते आम्ही जावा बघू.

त्याच दिवशी दादाने वई उपटली. धोंडीजवळच्या ओल्या जागेतल्या दोन काठ्या मात्र निघेनात. त्यांनी मुळं धरली होती. बाकीच्या टाकून द्यायला आत्याने मना केलं. गणेरीच्या बुंध्यापासून ओहोळापर्यंतच्या खऱ्या मेरेवर दादाकडूनच तिने त्या रोवून घेतल्या. पुढे त्यांतल्या पुष्कळ जगल्या. बुंधाही फुटला. काही वर्षांनी मी गेलो तेव्हा सगळी झुडपं एका उंचीची झाली होती आणि वाटणीच्या कागदातलं मूळचं झुडूप त्यांतलं नेमकं कुठलं, हे मला सांगता आलं नाही. आत्याने एक दाखवलं, काकूने दुसरं.

एक काठी मी रत्नागिरीला आणली होती. छापखान्याच्या मागच्या अंगणात लावली. पावसाळ्यात तिला पाच बोटांची पानं आली. मार्गशीर्षात गळली. पौषात संपादकांनी मला विचारलं, ती वाळकी काठी कशाला ठेवली आहे, काढून टाकू का. मी अंगणात गेलो. इथे पंच नव्हते. अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. मी त्यांना सांगितलं, जिवंत आहे, माघात बघा.

माघात फुलं आली नाहीत. फाल्गुनातही नाहीत. आत्याचं कार्ड आलं: इथे मेर फुलली आहे, काकूने देवाला पाटीभर नेली, विहिरीला पाणी बरं आहे, तुझ्या झाडाचं काय? मी पुन्हा खरवडून पाहिलं. उत्तर लिहायला बसलो तेव्हा तीन कार्डं फुकट गेली. शेवटी जे टाकलं त्यात एवढंच होतं: 'फुले नाहीत. साल हिरवी आहे. याहून अधिक आज सांगता येत नाही.' ते कार्ड विहिरीवर दोघींनी मिळून वाचलं आणि पुष्कळ हसल्या, असं पुढे दादाने मला सांगितलं. कशाला हसल्या ते त्यालाही माहीत नव्हतं.